परळची पोरं: दहा बाय बाराच्या बाहेरचं बालपण

रातपाळी करून आलेला बाप सकाळी आठच्या सुमारास अंथरुणावर पडायचा, म्हणून त्या खोलीतली पोरं आठच्या आत बाहेर असायची. परळ, लालबाग, नायगाव, डिलाईल रोड या साऱ्या गिरणगावात मुलं वाढवण्याची रीत अशा साध्या गरजांतून ठरत गेली. गिरणी तीन पाळ्यांत चालायची: सकाळी सात ते दुपारी साडेतीन, साडेतीन ते रात्री बारा आणि बारा ते सकाळी सात. खोली मात्र एकच. त्या खोलीत दोन भाऊ वेगवेगळ्या पाळीला असले, तर दिवसाच्या कुठल्याही वेळी कुणी ना कुणी झोपलेलं असणारच. मग तान्हं रडायला लागलं की आई त्याला घेऊन गॅलरीत, शाळकरी भावंडं जिन्यात आणि मिसरूड फुटलेला थोरला नाक्यावर.

गिरणगावातलं बालपण असं खोलीबाहेर घडलं. ते घडू शकलं, कारण बाहेर त्याच्यावर लक्ष ठेवणारी माणसं होती. शेजारीण, गाववाले, मंडळाचे कार्यकर्ते, म्युनिसिपल शाळेतले मास्तर, वाडिया रुग्णालयातल्या नर्सबाई अशा कितीतरी हातांनी परळची मुलं मोठी केली. आईबापांचं श्रेय त्याने कमी होत नाही. पण नुसतं आईबापांचंच सांगितलं, तर परळची गोष्ट अर्धीच सांगून होते. पुढची पानं उरलेल्या अर्ध्या गोष्टीसाठी आहेत.

चाळी दोन तऱ्हेच्या. खासगी मालकांच्या चाळींना बाहेरच्या अंगाने लाकडी गॅलरी असे आणि सगळी दारं तिच्यात उघडत. १८९६ च्या प्लेगने शहर हादरलं, त्यानंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्यानेही कामकरी वर्गासाठी चाळी बांधल्या. १९२० मध्ये सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. बीडीडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या २०७ इमारती वरळी, नायगाव, शिवडी आणि आजच्या ना. म. जोशी मार्गावर उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, इमारतीत ऐंशी. खोली १६० चौरस फुटांची. इथे बाहेरची गॅलरी नाही. मधोमध अंधारा पॅसेज आणि दोन्ही अंगांना समोरासमोर दारं. मोठ्यांना हा फरक किरकोळ वाटेल, मुलांना तो वाटला नाही. गॅलरीच्या चाळीतलं मूल रस्ता बघत वाढलं, बीडीडीतलं मूल समोरच्यांचं घर बघत वाढलं. त्या समोरच्या घरात आज काय शिजतंय, कोण आजारी आहे, कुणाला मार बसलाय, हे त्याला न विचारता कळायचं.

दहा बाय बाराची खोली रात्री कशी लावली जायची, हे जवळून पाहण्यासारखं आहे. कोपऱ्यात मोरी, तिच्या काठाशी पाण्याचं पिंप आणि हंडे-कळश्या. शेजारी ओटा, नाहीतर जमिनीवरच रॉकेलचा स्टोव्ह. भिंतीला डब्यांची फळी. डोक्यावर पोटमाळा, त्यावर गावाहून आलेले तांदूळ, गोधड्या, ट्रंका, गणपतीचं मखर. मुलगा दहावीला आला की त्याचा अभ्यासही तिथेच, पाठ वाकवून. लोखंडी कॉट असलीच तर ती म्हाताऱ्या माणसाची किंवा बाळंतिणीची. जेवणं उरकली की ताटं मोरीत, लादी पुसून झाली की चटया. भिंतीकडेला आजी, तिच्या कुशीत दुसऱ्या नंबरचं मूल, मग आई. शाळकरी भावंडं कॉटखाली, पाय बाहेर. बाप दुसऱ्या पाळीला असला तर साडेबाराला दार वाजणार, म्हणून दाराजवळची जागा मोकळी सोडायची. काका आणि वयात आलेले मुलगे गॅलरीत, गच्चीवर किंवा फुटपाथवर पथारी टाकून. तान्ह्याची झोळी छताच्या कडीला, आणि तिची दोरी ज्याच्या हाताशी त्याने ती अर्धवट झोपेतही हलवत राहायची. पावसाळा लागला, गच्ची आणि फुटपाथ गेले, की ही सगळी मांडणी पुन्हा नव्याने करावी लागे. तेव्हा शेजारच्या खोलीत दोन पोरं झोपायला पाठवणं यात कुणाला काही विशेष वाटत नसे.

ही माणसं मुळात इथली नव्हेत. कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी १८५४ मध्ये काढली, ती ताडदेवला. पुढे गिरण्या परळच्या दिशेने पसरत गेल्या आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या बाजूंनी माणसं येत राहिली. येणारा बहुतेक एकटा पुरुष. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे सव्वापाचशेच्या आसपासच बायका होत्या. बायको-मुलं गावी, आणि हा इथे खानावळीचा डबा खाऊन गावकऱ्यांच्या खोलीत ट्रंकेवर डोकं टेकणार. अशा घरांतल्या मुलांना बाप भेटला तो मनिऑर्डरीतून आणि शिमग्या-गणपतीच्या रजेतून.

जी कुटुंबं मुंबईत राहिली, त्यांनी तान्ही मुलं कशी जगवली, हा या विषयातला सगळ्यात जड भाग आहे. १९२१ साली मुंबईत हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक बाळं वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे. एका खोलीच्या बिऱ्हाडांत हा आकडा आठशेच्या वर, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत सव्वातीनशेच्या आसपास, चार किंवा अधिक खोल्यांत दीडशेच्याही आत. हे आकडे जपून वाचावे लागतात. अनेक बायका बाळंतपणाला गावी जात. जन्म तिकडे होई आणि मूल दगावलं तर नोंद मुंबईत, त्यामुळे प्रमाण फुगत असे. तरीही खोल्या वाढतात तसतसे मृत्यू घटतात, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. मूल जगणं-मरणं हे आईच्या मायेपेक्षा भिंतींच्या अंतरावर ठरत होतं.

गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्याला अफूची बाळगोळी देत. दिवसभर मूल चाळीतल्या एखाद्या म्हातारीकडे राहणार. त्याने भुकेने टाहो फोडू नये, झोपलेल्या रातपाळीवाल्यांना उठवू नये, म्हणून ती गोळी. १९२० च्या दशकात सरकारने नेमलेल्या डॉक्टरीणबाईंनी पाहणी केली, तेव्हा कामकरी बायकांच्या मुलांत ही सवय जवळपास घरोघर आढळली. आज हे वाचताना जीव गलबलतो. पण त्या आईकडे बोट दाखवणाऱ्याने आधी पाळणाघर कुठे होतं ते सांगावं. पन्नासहून अधिक बायका कामाला असतील त्या कारखान्यात पाळणाघर ठेवण्याची सक्ती देशभर आली ती १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टने. तोवर गिरण्यांतून बायकांची संख्याच उतरणीला लागली होती.

परळमधल्या एका घराची हकिगत इथे सांगायलाच हवी. सुभेदार रामजी आंबेडकर १९०४ मध्ये मुलांना घेऊन परळच्या डबक चाळीत राहायला आले. एकच खोली आणि तिच्यातच सरपण, भांडी, धूर, माणसांची ये-जा. भीमरावांना, म्हणजे पुढच्या बाबासाहेबांना, रामजी संध्याकाळी लवकर झोपवत, स्वतः जागे राहत आणि रात्री दोनला त्यांना अभ्यासाला उठवून मग आपण आडवे होत. जागा वाटून घेता येत नाही म्हणून त्यांनी रात्र वाटून घेतली. पुढे १९१२ पासून १९३४ पर्यंत, दादरच्या राजगृहात जाईपर्यंत, हे कुटुंब पोयबावडीच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट चाळीत दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत राहिलं. रमाबाई आणि बाबासाहेबांच्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न गेला तो जुलै १९२६ मध्ये.

त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै १९२८ मध्ये, मुंबई विधिमंडळात कामकरी स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचं विधेयक आलं. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे आणि तिच्या कामावर नफा कमावणाऱ्या मालकाने त्याचा भार उचललाच पाहिजे, ही त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला. देशातला अशा तऱ्हेचा तो पहिला कायदा. बॅरिस्टर म्हणून, पुढारी म्हणून ते बोलले हे खरंच. पण सभागृहातल्या किती सदस्यांनी त्या वेळी परळच्या चाळीत संसार केला होता, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

त्याच सुमारास परळमध्ये दवाखाने उभे राहिले. १९२६ मध्ये केईएम आणि नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह, मग १९२९ मध्ये बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय. एकमेकांपासून हाकेच्या अंतरावरच्या या तीन इमारतींनी परळच्या आयांचं जगणं बदललं. गावी जाऊन सुईणीच्या हाती बाळंत होण्याऐवजी घरापासून चालत दहा मिनिटांवर डॉक्टर मिळू लागला. मुलाला ताप चढला की कुणीतरी शेजारीण आपली भाकरी तव्यावर सोडून बाळाच्या आईसोबत निघायची. एकीने मूल घ्यायचं, दुसरीने केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं. ‘वाडियात दाखवलंस का?’ हा प्रश्न परळला आजही विचारला जातो.

मुंबईत जन्मलं तरी मूल वर्षभर मुंबईत राहीलच असं नव्हतं. परळच्या घराला दुसरं टोक होतं आणि ते गावाकडे होतं. खोलीत माणसं मावेनात, धाकटं झालं, बदली कामगार असलेल्या बापाला पाळी मिळेना, आई आजारी पडली, अशा कुठल्याही कारणाने एखाद्या मुलाला आजी-आजोबांकडे धाडलं जाई. चौथीपर्यंत गावच्या शाळेत आणि पाचवीला मुंबईत, असे कित्येक जण वाढले. मे महिना लागला की परळच्या एसटी डेपोवर बोचकी, पत्र्याच्या ट्रंका आणि पोरांची झुंबड. पोराला पोचवायला आईबाप जातीलच असं नाही. वाडीतला कुणी जात असला की त्याच्या ओटीत पोर घालायचं आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभं राहून सूचना द्यायच्या. त्यापूर्वी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जायचे दिवस होते, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर गर्दी रेल्वेकडेही वळली. जूनमध्ये पोरं परतायची ती पायाला लाल माती, हाताला फणसाचा चीक आणि तोंडात गावची बोली घेऊन. वर्गात ती बोली आठवडाभर टिकायची.

शाळेची गोष्ट परळला लवकर सुरू झाली. मुंबई महापालिकेने सक्तीचं प्राथमिक शिक्षण १९२५ मध्ये पहिल्यांदा लागू केलं ते एफ आणि जी वॉर्डांत, म्हणजे याच कामगारवस्तीत. १९११ पासून ना. म. जोशी यांची सोशल सर्व्हिस लीग वाचनालयं आणि रात्रीच्या शाळा चालवत होती. शेजारच्या दादरला ताराबाई मोडकांनी १९३६ मध्ये शिशुविहार सुरू केलं. सक्ती झाली म्हणून सगळी मुलं शाळेत टिकली असं मात्र नाही. कवी नारायण सुर्व्यांचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते नीट पाहिलं पाहिजे. रस्त्यावर सापडलेलं तान्हं मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचललं आणि काशीबाईंसह वाढवलं. नाव दिलं, शाळेत घातलं. चौथी झाली, गंगाराम गिरणीतून निवृत्त होऊन कोकणात गेले आणि जाताना मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवले. पुढे हे पोर हॉटेलात, गिरणीत, मिळेल तिथे राबलं, महापालिकेच्या शाळेत शिपाई झालं, शिकून तिथेच शिक्षक झालं. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ मध्ये आलं, ‘माझे विद्यापीठ’ १९६६ मध्ये, आणि १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. या गोष्टीत कवी मोठा आहेच. तितकीच मोठी गोष्ट ही, की स्वतःची चूल जेमतेम पेटणाऱ्या एका गिरणी कामगाराला परक्या बाळाला घरी नेताना फार विचार करावा लागला नाही.

शाळेबाहेरचं बाकीचं बालपण ओळखीचंच. लगोरी, विटीदांडू, डबा ऐसपैस, नरे पार्क आणि कामगार मैदानावरची कबड्डी. सार्वजनिक मंडळांकडे मोठी माणसं उत्सवापुरती बघत असतील, मुलांसाठी मंडळ हे बाराही महिने चालणारं दुसरं घर होतं. जूनमध्ये वह्यावाटप, निकालानंतर गुणगौरव, परीक्षेच्या दिवसांत मंडळाच्याच खोलीत रात्रभर दिवा असलेली अभ्यासिका. रांगोळी कशी काढायची, वर्गणीचा हिशेब कसा लिहायचा, चारशे माणसांसमोर माइक हातात धरून कसं बोलायचं, हे परळच्या मुलांना तिथे कळलं. परळ-लालबागच्या गणपती कार्यशाळांच्या दारात तास न् तास उभी राहणारी पोरं पुढे हातात ब्रश घेऊन आत गेली.

यात एक गोष्ट झाकून ठेवणं अप्रामाणिकपणाचं होईल. हे सगळं बाहेरचं बालपण मुलग्यांच्या वाट्याला जास्त आलं. मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की पहाटे नळावर नंबर लावायला ती, धाकट्याला कडेवर घ्यायला ती, दुपारी बाप झोपला असताना आवाज न करता भांडी घासायलाही तीच. न्हाणं, कपडे बदलणं, पाळीचे दिवस, सगळं एका मोरीच्या पडद्याआड. सार्वजनिक संडासाला रात्री एकटीने जायची भीती कितीतरी जणी आजही सांगतात. चाळीची माया सगळ्यांना सारखी मिळाली, हेही खरं नाही. वस्ती गाववार होती तशी जातवारही होती. साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे म्हणून तिथे दलित कामगाराला उभं करत नसत, आणि गिरणीत जे चाले त्याचे पडसाद नळाच्या रांगेतही उमटत. चाळीच्या आठवणी सांगताना हा भाग वगळणारे लोक आपल्याच शेजाऱ्यांचं बालपण वगळत असतात.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही आणि असंख्य कामगारांना गिरणीचं दार पुन्हा उघडलं नाही. त्याचा इतिहास युनियनच्या अंगाने, जमिनीच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला. मुलांच्या अंगाने फार थोडा. वर्षाच्या मध्यातच शाळेतून नावं निघाली आणि पोरं आईसोबत गावी गेली. नववी-दहावीतले मुलगे मिळेल त्या कामाला लागले, काही गुन्हेगारीच्या वाटेला लागले. बायकांनी पोळ्या लाटल्या, मसाले कुटले, दुसऱ्यांची धुणीभांडी केली. खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं. पण खानावळवालीची गिऱ्हाइकं संपकरी कामगारच, त्यांच्याकडे पैसे नाहीत तर ती तरी काय करणार? जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकात एका खोलीतली आई आणि तिची वाढत्या वयाची मुलं या काळात कशी विखुरतात ते दिसतं. ते बघताना परळच्या प्रेक्षकांत अनेकांना रडू आवरत नसे, कारण रंगमंचावरची खोली त्यांच्या ओळखीची होती.

आज त्या गिरण्यांच्या जागी मॉल आणि काचेचे टॉवर आहेत. बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षं १६० चौरस फुटांत काढलेल्या घरांना स्वतःचा संडास, स्वयंपाकघर, मुलीला दार लावून घेता येईल अशी खोली मिळाली, याचा मनापासून आनंद मानला पाहिजे. जुन्या चाळीच्या प्रेमात पडून या घरांना नावं ठेवणाऱ्यांनी पहाटेच्या नळाची रांग आठवावी.

पण मुलांना सांभाळणारी जी व्यवस्था चाळीत होती, ती नव्या इमारतीत आपोआप येत नाही. तिथे आईबाप दोघंही कामावर, आजी विसाव्या मजल्यावर, आणि दार बंद. शेजारणीच्या हवाली मूल करायचं तर आधी शेजारीण माहीत हवी. म्हणून आराखड्यात जिमखान्याआधी तळमजल्यावर पाळणाघर आणि बालवाडी हवी, गाड्यांच्या रांगेआधी मुलांना धावायला मोकळी जागा हवी आणि मंडळाच्या अभ्यासिकेला हक्काची खोली हवी. नव्या इमारतींतल्या रहिवाशांनी सोसायटीच्या पहिल्याच सभेत या मागण्या मांडाव्यात. पार्किंगचे वाद सुरू झाले की मुलांचा विषय मागे पडतो.

आणखी एक विनंती, खास परळ, लालबाग, नायगाव, डिलाईल रोडच्या वाचकांना. चाळ रिकामी करताना पोटमाळ्यावरचं सामान घाईने रद्दीत घालू नका. तिथे वाडियातला केसपेपर असेल, म्युनिसिपल शाळेचं प्रगतिपुस्तक असेल, गावाहून आलेलं पोस्टकार्ड असेल, मंडळाच्या वह्यावाटपाची यादी आणि गुणगौरवाचा ग्रुप फोटो असेल. फोटोच्या मागे प्रत्येकाचं नाव आणि खोली नंबर लिहून ठेवा. घरातल्या सत्तरीच्या माणसांना विचारा की तुम्ही कामावर असताना आम्हाला कोण बघायचं, आणि ते सांगतील ती नावं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.